टुरिस्ट येतील हो, पण पालिकेच्या हातात काय पडणार?

जुलै २०२५ ला पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हापासून गावाकडं फोन लावला की एकच विषय, आता पर्यटन वाढणार आणि कोल्हापूरचं नशीब उघडणार. मी राहतो ॲमस्टरडॅमजवळ, टुरिस्टांचा लोंढा रोज ट्राममध्ये बघतो, म्हणून जरा उलटं बोलतो, रागावू नका.

माणसं येतीलच. पण मुंबईचं एखादं कुटुंब अंबाबाईला आलं, हॉटेलात राहिलं, तांबडा-पांढरा हाणला, तर त्या बिलावरचा जीएसटी केंद्राकडं आणि राज्याकडं जातो. आधी पालिकेला थेट मिळणारी जकात गेली, मग तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला नि गेला, आता पालिकेनं राज्याच्या अनुदानाची वाट बघायची आणि बाकीचं आपल्याच घरफाळ्यातनं, पाणीपट्टीतनं काढायचं. बिंदू चौकातलं ट्रॅफिक, कचरा, रंकाळा हे मात्र सगळं पालिकेच्याच बोकांडी.

इथं ॲमस्टरडॅमला रूमच्या भाड्यावर १२.५ टक्के टुरिस्ट टॅक्स आहे, २०२४ ला ७ वरून एकदम वाढवला, आणि तो थेट शहराच्या खात्यात जातो. तरी लोक यायचे थांबले नाहीत, उलट वर्षाला २ कोटी मुक्काम ही शहरानंच घातलेली मर्यादा कधीच ओलांडली गेली, त्यावरनं इथले रहिवासी पण वैतागलेत. म्हणजे गर्दी यांना पण आवरलेली नाही, फक्त गर्दीचा खर्च गर्दीकडनं वसूल होतो, एवढं मात्र घेण्यासारखं आहे.

आपल्याकडं माथेरान, महाबळेश्वर प्रवासी कर घेतात, पण तो गावात शिरतानाच. कोल्हापुरात असला नाका नकोच, आणि चैत्रात जोतिबाला येऊन रात्री परत जाणाऱ्याला पावती फाडायला लावली तर गुलालाऐवजी वेगळंच काहीतरी उधळलं जाईल. मुक्काम करणाऱ्याकडनं घ्या, रूमच्या बिलात, थोडंच घ्या. त्यासाठी मुंबईत कायदा करून घ्यावा लागेल, तिथं आपले आमदार किती जोर लावतात ते बघू.

दुसरं म्हणजे दुकानं. ॲमस्टरडॅमनं २०१७ ला मध्यवस्तीत निव्वळ टुरिस्टांसाठीची नवी दुकानं काढायला बंदी घातली, एक चीजवाला कोर्टात गेला आणि हरला. एवढं कडक आपल्याला जमणार नाही, गरजही नाही. पण प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपली कोल्हापुरी चप्पल उचलली म्हणून २०२५ ला आपण पेटून उठलो (बरोबरच होतं ते), आणि देवळाच्या आसपास रेक्झिनची चप्पल कोल्हापुरी म्हणून खपते त्यावर कोण काय बोलत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय (मूळ भागाच्या मालालाच ते नाव लावता येतं असं मानांकन) आहे की! पालिकेचे स्वतःचे गाळे आहेत, त्यातले थोडे जीआयवाल्या चप्पल कारागिरांना, हुपरीच्या चांदीवाल्यांना, गुऱ्हाळवाल्यांना राखून द्या, भाडं पण पालिकेलाच येईल. अर्थात त्याआधी गाळ्यांच्या भाड्याचा पालिका नि गाळेवाल्यांतला जुना वाद मिटवावा लागेल, आणि त्यात कुठल्याच पार्टीला हात घालायचा नाही.