‘ग्रीक वर गेले, लायबेरियन मागे राहिले’: या तक्त्याला उत्तर

अमेरिकेतल्या दोन स्थलांतरित समाजांची तुलना करणारा एक तक्ता सध्या मराठी गटांमध्येही फिरतो आहे. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशातून आलेले लायबेरियन. कौटुंबिक उत्पन्न, पदवीधर, मालकीची घरं, दारिद्र्य अशा प्रत्येक ओळीत ग्रीक पुढे आहेत. खालचा मजकूर थोडक्यात असा: दोघेही लहान, गरीब देशांतून रिकाम्या हातांनी आले. ग्रीकांना इंग्रजीचा गंध नव्हता, लायबेरियाची तर राजभाषाच इंग्रजी. ग्रीकांना कुणी हात दिला नाही, लायबेरियनांना सरकारने पोसलं. तरीही ग्रीक वर गेले, म्हणजे फरक संस्कारांचा. ‘संस्कार’ म्हणताना आडून रक्ताकडे बोट दाखवलेलं आहे, हे वाचणाऱ्याला कळतं.

आज दोन समाजांत आर्थिक अंतर आहे, हे मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मुद्द्यामुद्द्याला चुकतो आणि युद्धातून वाचलेल्या एका अख्ख्या समाजावर नालायकीचा शिक्का मारतो. म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘दोघेही रिकाम्या हातांनी आले’

कोण कधी आलं, हे तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीसच्या पेलोपोनीज भागातला शेतकरी बारीक काळ्या मनुकांच्या पिकावर जगत होता. फ्रान्सने जकात वाढवली, भाव कोसळले, १८९३ मध्ये ग्रीस सरकारनेच दिवाळखोरी जाहीर केली आणि गावोगावचे तरुण बोटीत बसले. १८९० ते १९२४ या काळात चार लाखांच्या आसपास ग्रीक अमेरिकेत उतरले. त्यांत बहुतेक एकटे पुरुष होते. लोवेलच्या कापडगिरण्या, युटा-कोलोराडोच्या खाणी, पश्चिमेकडचे लोहमार्ग, शिकागोतली बूटपॉलिशची दुकानं इथे राबायचं, कर्ज फेडायचं, बहिणींच्या हुंड्याची सोय करायची आणि परतायचं, असा त्यांचा बेत असे.

आणि ते परतलेही. अंदाज वेगवेगळे असले तरी एक तृतीयांशाहून जास्त ग्रीक मायदेशी गेले, हे अभ्यासकांना सर्वसाधारणपणे मान्य आहे. काही पुरेसे पैसे साठवून समाधानाने गेले. पण ज्याचा जम बसला नाही, जो खाणीत जायबंदी झाला, ज्याला तिथली हवा मानवली नाही, तोही गेला. त्याची पतवंडं आज ग्रीसमध्ये आहेत, ‘ग्रीक-अमेरिकन’ या रकान्यात नाहीत. रकान्यात आहेत ते टिकून राहिलेल्यांचे वंशज.

लायबेरियनांना परतीची बोट नव्हती. २४ डिसेंबर १९८९ रोजी बंडखोर नेता चार्ल्स टेलरची सशस्त्र माणसं आयव्हरी कोस्टच्या सीमेवरून निंबा परगण्यात घुसली. तिथून २००३ पर्यंत, मधली थोडी वर्षं वगळली तर, देश युद्धात होता. जेमतेम पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात दीड ते अडीच लाख माणसं मेल्याचा अंदाज आहे. घानामध्ये आक्राजवळ बुदुबुराम इथे १९९० मध्ये उघडलेल्या निर्वासित छावणीत हजारो कुटुंबांनी वर्षानुवर्षं काढली. तिथून अमेरिकेत पोचलेल्यांमध्ये म्हातारे होते, विधवा होत्या, शाळेची पाच-सहा वर्षं बुडालेली मुलं होती. कमवायला निघालेला धडधाकट तरुण आणि जीव वाचवून आलेलं कुटुंब यांना एकाच रेषेवर उभं करून ‘सुरुवात सारखी’ म्हणता येत नाही.

तक्ता नेमकं कुणाला मोजतो?

माझ्या मते तक्त्यातली सगळ्यात मोठी खोट इथेच आहे. अमेरिकेचं जनगणना खातं लोकांना त्यांचं मूळ विचारतं. ज्याचे पणजोबा १९१० मध्ये आले, तोही तिथे ‘ग्रीक’ लिहितो. असे सुमारे बारा लाख लोक आहेत. त्यांतले स्वतः ग्रीसमध्ये जन्मलेले दहात एकाच्या आसपास. लायबेरियन म्हणून मोजलेल्यांपैकी बहुसंख्य मात्र स्वतः लायबेरियात जन्मलेले आहेत. म्हणजे तक्ता एका समाजाच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची तुलना दुसऱ्या समाजाच्या पहिल्या पिढीशी करतो आणि फरकाचं श्रेय संस्कारांना देतो.

सारख्याशी सारखं ताडून पाहायचं तर १९१० च्या आसपासचा ग्रीक घ्यायला हवा. त्याच्याबद्दल अमेरिकन काँग्रेसच्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ मध्ये अहवाल दिला होता. बूटपॉलिशच्या दुकानांत मुकादमांच्या ताब्यात राबणारी ग्रीक मुलं, त्यांच्या दाटीवाटीच्या खोल्या, ठेकेदाराच्या खिशात जाणारी त्यांची कमाई हे सगळं त्यात आहे. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक अमेरिकेत मिसळू शकत नाहीत, असा त्या आयोगाचा एकूण सूर होता. आज लायबेरियनांबद्दल जे लिहिलं जातं, तेच तेव्हा ग्रीकांबद्दल सरकारी खर्चाने छापलं गेलं होतं.

आणखी एक गोष्ट तक्ता बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. लायबेरियन आईबापांची अमेरिकेत जन्मलेली मुलं अर्जावर पुष्कळदा नुसतं ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहितात. शिकून पुढे गेलेली अशी मुलगी लायबेरियन रकान्यातून बाहेर पडते आणि तिची कमाई त्या समाजाच्या खात्यावर लागतच नाही.

‘ग्रीकांना कुणी मदत केली नाही, लायबेरियनांना सरकारने पोसलं’

१९२४ च्या स्थलांतर कायद्याने ग्रीसला वर्षाला १०० जागा दिल्या आणि लायबेरियालाही १००. कागदावरची ही बरोबरी फसवी आहे. तोवर लाखो ग्रीक अमेरिकेत येऊन स्थिरावले होते. ते कायद्याने ‘गोरे’ ठरत होते आणि नागरिक होऊ शकत होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांची मुलं अमेरिकन सैन्यात लढली आणि परतलेल्या सैनिकांसाठीच्या १९४४ च्या कायद्यातून त्यांना कॉलेजची फी आणि घराचं कर्ज मिळालं. १९३४ पासून केंद्र सरकार घरकर्जाला हमी देत होतं. ती हमी उपनगरातल्या गोऱ्या कुटुंबांना मिळाली, काळ्या वस्त्यांना नाकारली गेली. शिकागोचे अर्थतज्ज्ञ होमर हॉइट यांनी १९३३ मध्ये जमिनीच्या किमतीवर होणाऱ्या परिणामानुसार वंशांची उतरंड छापली होती. तीत दहा पायऱ्या होत्या. ग्रीक सहाव्या पायरीवर, काळे नवव्या. याच माणसाने पुढे केंद्राच्या गृहकर्ज-हमी खात्यात काम केलं. ‘कुणी मदत केली नाही’ हे १९०५ मध्ये आलेल्या पहिल्या ग्रीकाबद्दल खरं असेल, त्याच्या मुलाबद्दल खरं नाही.

लायबेरियनांची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगायला थोडी जागा लागते. जे छावणीतून रीतसर निर्वासित म्हणून आले, त्यांना १९८० च्या निर्वासित कायद्यानुसार सुरुवातीची मदत मिळाली, हे खरं. पण युद्ध पेटलं तेव्हा जे आधीच अमेरिकेत होते किंवा तात्पुरत्या व्हिसावर पोचले, त्यांना १९९१ मध्ये ‘तात्पुरतं संरक्षण’ मिळालं. १९९९ मध्ये ते संपलं आणि त्याजागी ‘हद्दपारी पुढे ढकलली’ असा आदेश आला. २००२ मध्ये पुन्हा तात्पुरतं संरक्षण. २००७ मध्ये पुन्हा पुढे ढकललेली हद्दपारी. दर वेळी वर्ष-दीड वर्षाची मुदत. मुदत संपत आली की कामाचा परवाना नवा करायचा, त्याची फी भरायची आणि नवा आदेश निघतो का याची वाट पाहायची. या दर्ज्यावर कायमचं वास्तव्य मिळत नाही, शिक्षणासाठी केंद्राचं अर्थसाहाय्य मिळत नाही आणि १९९६ च्या कायद्यानंतर केंद्राच्या बहुतेक कल्याणयोजनाही मिळत नाहीत. कर मात्र भरावा लागतो. ‘सरकारने पोसलं’ हे वाक्य या लोकांबद्दल तर सरळसरळ असत्य आहे.

मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका वर्षात हे संरक्षण संपेल असं जाहीर केलं. ३१ मार्च २०१९ ही अखेरची तारीख होती. ती अगदी शेवटच्या आठवड्यात पुढे गेली. तोवर लोकांनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा ताबा कुणाकडे द्यायचा याची कागदपत्रंही करून ठेवली होती. मिनेसोटातल्या वृद्धाश्रमांच्या चालकांनी आपली माणसं जातील म्हणून धोक्याची सूचना दिली, कारण तिथे म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे, रात्रपाळीला जागणारे मदतनीस मोठ्या प्रमाणात लायबेरियन होते आणि आहेत. अखेर २० डिसेंबर २०१९ ला संरक्षण खर्चाच्या विधेयकात जोडलेल्या कलमामुळे त्यांना कायमच्या वास्तव्याचा मार्ग खुला झाला. १९९१ पासून २०१९ पर्यंत म्हणजे २८ वर्षं. ज्याला पुढच्या वर्षी इथे असू का हे माहीत नाही, त्याला घरासाठी तीस वर्षांचं कर्ज कोण देणार, आणि तो तरी कोणत्या भरवशावर घेणार? तक्त्यातली ‘मालकीची घरं’ ही ओळ वाचताना ही वर्षं समोर हवीत.

‘लायबेरियनांना तर इंग्रजी येत होतं’

लायबेरियाचं सरकार इंग्रजीत चालतं. घराघरांत क्पेले, बासा, ग्रेबो, माणो अशा भाषा बोलल्या जातात आणि बाजारात जी इंग्रजी चालते ती अमेरिकन कार्यालयातल्या कारकुनाला समजायला कठीण जाते. युद्धात शाळा बंद पडल्यामुळे एक अख्खी पिढी वाचायला नीट शिकलीच नाही. जे शिकलेले होते, त्यांच्या राजधानी मोनरोव्हियातल्या पदव्या नव्या देशात धरल्या गेल्या नाहीत आणि परिचारिका, शिक्षक पुन्हा पहिल्या पायरीवर आले.

‘गुन्हेगारी बघा’

तक्त्याखाली एखाद-दोन बातम्या चिकटवलेल्या असतात. त्यांना उत्तर म्हणून फेब्रुवारी १९०९ मधल्या साउथ ओमाहाची हकीकत सांगतो. नेब्रास्कातल्या या गावात मांसप्रक्रियेच्या कारखान्यांत ग्रीक काम करत. त्यांना संप फोडायला आणलेले लोक म्हणून पाहिलं जाई. एका ग्रीक माणसाच्या गोळीने एक पोलीस मेला. दोन दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, सभा भरली, भाषणं झाली आणि जमावाने अख्खी ग्रीक वस्ती जाळली, लुटली. हजाराहून जास्त ग्रीकांना गाव सोडावं लागलं. एकाच्या गुन्ह्यावरून सगळ्यांना मोजलं की काय होतं, ते ग्रीक समाजाने स्वतः सोसलेलं आहे. पुढे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या धाकामुळेच १९२२ मध्ये अटलांटात ‘आहेपा’ ही ग्रीक-अमेरिकनांची संघटना उभी राहिली. ग्रीकांचा हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला त्यांचं नाव घेऊन दुसऱ्या समाजाला झोडपणं जमू नये.

‘शेवटी प्रश्न संस्कृतीचा’

दोष आफ्रिकेत असेल, तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या नायजेरियात जन्मलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक पदवीधर कसे? ते अमेरिकन सरासरीच्या बरेच पुढे आहेत. त्यांच्यातले पुष्कळ जण विद्यार्थी किंवा व्यावसायिक म्हणून आले, छावणीतून नाही. लायबेरियनांमध्येही १९८० च्या लष्करी उठावाआधी शिकायला आलेले आणि १९९० नंतर जीव घेऊन पळालेले यांची स्थिती वेगळी आहे. देश एकच, संस्कार तेच, फक्त येण्याचं दार वेगळं. आणि यशाचं मूळ ग्रीक संस्कारांत असेल, तर खुद्द ग्रीसमध्ये २०१३ साली बेकारी २७ टक्क्यांवर का गेली? हजारो शिकलेल्या ग्रीक तरुणांना पुन्हा देश का सोडावा लागला? त्याची उत्तरं कर्ज, चलन आणि युरोपातली धोरणं यांत शोधली जातात आणि ते योग्यच आहे. लायबेरियनांच्या वाट्याला तेवढीही विचारपूस येत नाही.

विल्मट कॉलिन्स हे लायबेरियन निर्वासित २०१७ मध्ये मोंटानातल्या हेलेना शहराचे महापौर म्हणून निवडून आले. मी त्यांचं नाव पुरावा म्हणून देत नाही. ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा मायकल डुकाकिस १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, त्यावरून सगळे ग्रीक मोजता येत नाहीत, तसंच हेही. पण ‘त्यांच्यात कुणी वर येतच नाही’ असं म्हणणाऱ्याला हे एक नाव पुरे.

आता आपल्याबद्दल. हा तक्ता मराठी गटांत आवडीने पुढे पाठवला जातो, कारण अमेरिकेतले आपले लोक या हिशेबात ग्रीकांच्या बाजूला बसतात. पण १९६५ नंतर गेलेला मराठी माणूस बहुतेक वेळा इंजिनिअर, डॉक्टर किंवा विद्यार्थी म्हणून गेला, कारण अमेरिकेच्या व्हिसाने त्यालाच निवडलं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांवर झालेला खर्च इथल्या करदात्याने केला होता. त्याआधी गेलेल्यांना काय अनुभव आला, तेही आपल्याकडे विसरलं गेलंय. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय लोक ‘गोरे’ नाहीत असं ठरवलं आणि सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं परत घेण्यासाठी खटले भरले. स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकमध्ये चुंबकत्वावर संशोधन करणारे अभियंते शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावरही असा खटला झाला. त्याच काळात लोवेलच्या गिरणीतला ग्रीक कामगार, शाळेत न गेलेला, निर्धास्तपणे नागरिक राहू शकत होता.