हवेत धरून आणि शून्य दाबून ट्रेस ऑक्सिजन मीटर खरा होत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: ट्रेस ऑक्सिजन ॲनालायझरसाठी, म्हणजे गॅसमधला अगदी किंचित ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरसाठी, कॅलिब्रेशन गॅस (ऑक्सिजनचं प्रमाण नेमकं माहीत असलेला, मीटर जुळवायचा गॅस) घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. मीटर हवेत धरा, २०.९ टक्के लावा. लगेच नायट्रोजनचा सिलिंडर जोडा आणि शून्य करा. नळी कुठलीही चालते, आत प्रेशर असताना बाहेरची हवा शिरत नाही.

डेअरीच्या, डिस्टिलरीच्या स्टेनलेस पाइपांतली हवा आर्गॉन भरून हटवून टिग वेल्डिंग (विजेच्या आर्कनं जोडकाम) करणारी बरीच पोरं आपल्याकडे आहेत. ऑक्सिजन ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) खाली आला का, हे याच मीटरवर बघून ती वेल्ड सुरू करतात. मीटर खोटं बोलला तर पाइप आतून काळानिळा पडतो, पुढे तिथेच गंज धरतो, आणि बोल वेल्डरला लागतो. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं.

आधी हवेचं बघू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. यातल्या बऱ्याच मीटरांत गॅल्व्हॅनिक सेल, म्हणजे बॅटरीसारखा सेन्सर, असतो. त्याचा करंट ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या (एकूण दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्याच्या) प्रमाणात वाढतो, आणि कित्येक मीटरांच्या मॅन्युअलमध्ये हवेवर स्पॅन करायला, म्हणजे वरचा आकडा जुळवायला, मुभा असते. आपल्या पावसाळ्यात २५ अंशांना हवा वाफेनं पूर्ण भरलेली असेल, तर ऑक्सिजन २०.९ ऐवजी २०.३ टक्क्यांच्या आतबाहेर असतो. म्हणजे चूक सुमारे ३ टक्क्यांची, ५० पीपीएमवर दीड पीपीएम. ती सोसता येईल. मुंबईत कॅलिब्रेट करून आणलेला मीटर मात्र, त्यात दाबाची भरपाई नसेल तर, इथे सहाएक टक्के कमी दाखवेल, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत.

खरी अडचण त्या ‘लगेच’मध्ये आहे. हवा म्हणजे २,०९,५०० पीपीएम. तेवढा ऑक्सिजन सेलच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (आतल्या द्रावणात) विरघळून बसतो आणि तो निघून जायला कधी कधी कित्येक तास लागतात. तोवर मीटर जो आकडा दाखवतो, त्यातला बराचसा सेलच्या पोटातला असतो.

आणि अशा वेळी शून्याचं बटण दाबायचं! मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. ९९.९९९ टक्के शुद्ध नायट्रोजन म्हणजे बाकीची सगळी मिळून १० पीपीएमपर्यंत अशुद्धी. त्यात ऑक्सिजन ३ पीपीएम असेल आणि तुम्ही त्याला शून्य म्हणालात, तर पुढे खरे ८ असताना मीटर ५ दाखवणार. त्याहून वाईट म्हणजे गळती. रेग्युलेटरच्या रबरी डायफ्रॅममधून (पडद्यातून), नळीच्या जोडातल्या सैल फेरूलमधून (कडीतून) ४० पीपीएम आत येत असतील, तर तेही त्या शून्यात गडप होतात. पासंग असलेल्या तराजूचा काटा ओढून मध्यावर बांधावा, तसं हे झालं. मग खऱ्या ८० पीपीएमला मीटर ४० दाखवतो आणि वेल्डर बिनघोर आर्क मारतो. शून्य करायचंच तर नायट्रोजन ऑक्सिजन ट्रॅपमधून (ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या फिल्टरमधून) घ्या, गळती तपासा, आकडा पूर्ण स्थिरावू द्या. एवढं करूनही शून्य बरंच सरकवावं लागत असेल, तर बटणाला हात न लावता लाइन उघडून बघा.

प्रेशरचा मुद्दा ऐकायला पटतो, पण चूक आहे. ऑक्सिजन एकूण दाब बघत नाही, स्वतःचा आंशिक दाब बघतो. नळीत २ बार आर्गॉन आणि त्यात ५ पीपीएम ऑक्सिजन असेल, तर आत ऑक्सिजनचा दाब ०.००००१ बार. बाहेर तो जवळजवळ ०.२ बार, म्हणजे वीस हजार पट. सिलिकॉनच्या नळीतून तो सरळ पाझरतो, टेफ्लॉनमधूनही येतो. पीपीएमच्या कामाला स्टेनलेससारख्या धातूचीच नळी लागते, आणि तीही जमेल तितकी आखूड. तपासणी सोपी आहे. फ्लो मिनिटाला अर्ध्या लिटरवरून एक लिटर करा. आकडा ठळक उतरला, तर हवा वाटेत शिरतेय.

मेसेजनं सगळे मीटर एकाच माळेत ओवलेत, तेही बरोबर नाही. गॅल्व्हॅनिक सेलऐवजी काही मीटरांत झिर्कोनियाचा (एका सिरॅमिकचा) सेन्सर असतो, तो सहा-सातशे अंशांवर चालतो. पर्ज गॅसमध्ये (पाइपातली हवा हटवायला भरलेल्या गॅसमध्ये) हायड्रोजन मिसळलेला असेल तर हायड्रोजन तिथेच ऑक्सिजनबरोबर जळतो आणि मीटर कमी आकडा दाखवतो.

राहिला पैशांचा प्रश्न. १०० बारला भरलेल्या १० लिटरच्या सिलिंडरात साधारण १,००० लिटर गॅस असतो. रेग्युलेटर तीन-चार वेळा भरून रिकामा केला आणि मिनिटाला एक लिटरनं वीस मिनिटं गॅस सोडला, तरी एका कॅलिब्रेशनला वीस-पंचवीस लिटर पुरतात. ५० पीपीएमवर निर्णय घेत असाल तर त्याच्या आसपासचं मिश्रण मागवा, सर्टिफिकेटवरचा आकडा आणि मुदत बघून घ्या. एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या चार-पाच शॉपनी मिळून एक सिलिंडर ठेवावा आणि आपापले मीटर तिथे नेऊन लावावेत.