बॅटरी बदलली की रेडिओ मुका
बॅटरी नवी टाकली, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि रेडिओच्या पडद्यावर पुन्हा तेच: कोड टाका! मेकॅनिकने टर्मिनल काढलं तरी हेच, गाडी बरेच दिवस उभी राहून बॅटरी उतरली तरी हेच.

कंपनी फिटेड रेडिओला दोन लाइनी येतात. एक चावी फिरवल्यावरची, दुसरी कायमची १२ व्होल्टची, मेमरीसाठी. ही दुसरी तुटली की कोडवाला रेडिओ स्वतःला चोरीचा माल समजतो. अरे, त्याच गाडीत, त्याच खाचेत बसलायस ना! नव्या गाड्यांत रेडिओ गाडीचा चॅसी नंबर आतल्या आत ताडून बघतो आणि गप चालू होतो. जुन्यांच्या मालकांनी मात्र वणवण करायची.

कोडचं कार्ड पहिल्या मालकाच्या घरी कुठल्यातरी खणात. सीरियल नंबरवरून कोड काढून मिळतो, पण तो नंबर बहुतेक वेळा रेडिओच्या डब्यावरच चिकटवलेला, म्हणजे पट्टी उचकटा, खास चाव्या घालून रेडिओ ओढून काढा. ओरखडे पडले तर आपले! कोड काही वेळा चुकला की कुलूप, मग तासभर रेडिओ चालू ठेवून बसा, आणि तेही नव्या बॅटरीच्या जिवावर. शेवटी सर्व्हिस सेंटरला आरसी दाखवून विनवण्या.

चार आकडे मालकाच्या पुस्तिकेत ठळक छापून द्यायला काय जात होतं? मला १००.७ वर एफएम गोल्ड ऐकायचंय, तिजोरी नाही उघडायची!