‘डोळे झाकून एल२९८एन घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

डिप्लोमाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत पोरांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: एल२९८एन हा सगळ्यात दमदार मोटर ड्रायव्हर (बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसून मोटर चालू-बंद, उलटसुलट करणारी चिप), २ अँपिअर बिनधास्त देतो. बारक्या चिप खेळण्यातल्या. मोटर ढिली फिरली तर बॅटरी बदला. उलटसुलट फिरवताना थांबायची गरज नाही, आतले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) सांभाळून घेतात.

आधी बॅटरीचं बघू, कारण पोरांचे पैसे इथंच जातात. मोटर चालू असताना मल्टीमीटर आधी बॅटरीवर लावा, मग मोटरच्या दोन टोकांवर. एल२९८एनमध्ये जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत आणि करंट एका वेळी त्यातल्या दोघांमधून जातो. १ अँपिअरला साधारण अडीच व्होल्ट तिथंच खपतात. म्हणजे ६ व्होल्टच्या पॅकमधले साडेतीनच मोटरला मिळतात. नवी बॅटरी आणली तरी हा तोटा तेवढाच. बिचाऱ्या बॅटरीचा यात काय दोष?

राहिलेले अडीच व्होल्ट गुणिले १ अँपिअर, म्हणजे अडीच वॅटची उष्णता. तो काळा हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, बघून लोकांना चिप पैलवान वाटते. खरं तर तो या उधळपट्टीसाठी बसवलेला आहे. २ अँपिअर हा आकडा डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) आहे, खोटा नाही. पण तेवढ्या करंटला तोटा ४.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. मे महिन्यात परभणीत पत्र्याच्या शेडखाली, हवाच चाळिशीच्या पुढे असताना, तो आकडा धरून फवारणीचा रोबोट चालवायला जाऊ नका.

‘बारक्या चिप’ म्हणजे बहुधा टीबी६६१२. तिच्यात मॉसफेट (कमी तोट्याचे नव्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर) आहेत, १ अँपिअरला तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास. पिवळ्या गिअरवाल्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या) मोटरला हीच घ्यावी. मात्र तिची कमाल मर्यादा १५ व्होल्ट. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी चार्जरवर असताना १४ च्या पुढे, म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ जाते, तिथं ही चिप जोडणं म्हणजे उगाच चिपच्या जिवावर उठणं. २४ व्होल्टच्या मोटरला एल२९८एन बरी. ४६ व्होल्टपर्यंत ती टिकते. फक्त १२ व्होल्टच्या वर जाताना मॉड्यूलवरचा (चिप बसवलेल्या तयार बोर्डवरचा) ५ व्होल्ट रेग्युलेटरचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, काढा आणि ५ व्होल्ट बाहेरून द्या.

डायोडचं तर धादांत चूक. एल२९८एनच्या आत डायोड नसतातच. मॉड्यूलवर ते चिपशेजारी वेगळे सोल्डर केलेले असतात. सुटी चिप आणून स्वतःची पीसीबी (सर्किटची पट्टी) केली आणि ते विसरले, की मोटर बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका थेट चिपवर. आत डायोड असलेली ती एल२९३डी, पण तिला सलग ६०० मिलिअँपिअरच झेपतात.

आणि डायोड असले तरी दिशा बदलताना थांबायलाच हवं. पूर्ण वेगात फिरणारी मोटर स्वतः उलटं व्होल्टेज तयार करत असते. त्याच क्षणी दिशा बदलली तर त्याची पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये भर पडते आणि करंट जाम झालेल्या मोटरच्या जवळपास दुप्पट होऊ शकतो. आधी वेग उतरू द्या, मग फिरवा.

ड्रायव्हर घ्यायच्या आधी मोटरचा रेझिस्टन्स मोजा, शाफ्ट थोडा थोडा फिरवून दोन-चारदा. पुरवठ्याच्या व्होल्टेजला त्यानं भागलं की जाम झाल्यावरचा करंट कळतो. १२ व्होल्टच्या मोटरला ३ ओहम आले तर ४ अँपिअर, आणि तिथं वरच्या तिन्हींपैकी एकही चिप चालणार नाही.