‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालकांच्या मोबाईलवर एक संदेश सध्या फिरत आहे. वयात आलेली मुलगी जेवण टाळू लागली तर तो आईच्या वळणाचा दोष असतो. घरच्यांनी ताटाजवळ बसू नये, भूक लागली की ती आपणहून खाईल. तरीही न सुधारल्यास तिला घरापासून दूर ठेवावे. आणि वजन भरले की आजार संपला, असे त्याचे म्हणणे आहे. माझ्या भाचीला चौदाव्या वर्षी अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे खाण्याच्या भीतीने जेवण टाळण्याचा आजार झाला, तेव्हा असल्याच सल्ल्यांवर विश्वास ठेवून आम्ही तीन महिने नुसते वाट पाहत बसलो होतो, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

सर्वांत घातक दावा भुकेचा. या आजारात भूक लागली तरी खाण्याची भीती तिच्यावर मात करते आणि उपासमार ती भीती आणखी घट्ट करते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले, तेव्हा ते चिडचिडे, एकलकोंडे झाले, त्यांच्या मनात सतत अन्नच घोळू लागले आणि साधे जेवणही ते तासन्‌तास रेंगाळत करू लागले. आमची भाची ज्वारीच्या भाकरीचे नखाएवढे तुकडे करून ताटाच्या कडेने मांडून ठेवी, आणि घरी आणलेला कुंदा मात्र आग्रहाने सगळ्यांना वाढून स्वतः बोटही लावत नसे. तो हट्ट नव्हता, ती उपासमारीची लक्षणे होती, आणि वाट पाहण्यात आम्ही ती वाढू दिली.

आईच्या दोषाबद्दल मला अधिक राग आहे, कारण ज्या आईला आपणच अपराधी वाटते तिचा हात ताट पुढे करताना कचरतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात त्याच्याशी निगडित जनुकसंचातील आठ जागा सापडल्या. घरातील वातावरणाचा परिणाम होतो, पण ‘आईमुळे झाले’ या म्हणण्याला आधार नाही. हा आजार मुलांनाही होतो, हे तर त्या संदेशाच्या गावीही नाही.

ताटाजवळ बसू नये, या सल्ल्याच्या नेमकी उलट उपचारपद्धती लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात घडली. तेथील ८० रुग्णांवरचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार कोवळ्या वयात सुरू झाला होता आणि त्याला तीन वर्षेही झालेली नव्हती, त्यांना कुटुंबासह दिलेल्या उपचाराचा अधिक फायदा झाला. पुढे २०१० मध्ये १२१ किशोरवयीन रुग्णांची तुलना झाली, तेव्हा उपचार संपल्यावर वर्षभराने कुटुंबाधारित गटातील ४९ टक्के पूर्ण बरे होते, तर वैयक्तिक उपचाराच्या गटातील २३ टक्के. या पद्धतीत आधी आईवडील जेवणाचा निर्णय पूर्णपणे आपल्या हाती घेतात, मग तो हळूहळू मुलीकडे परत देतात आणि शेवटी तिच्या वयाच्या इतर प्रश्नांकडे वळतात. मुलगी वेगळी आणि आजार वेगळा, हे भान सतत ठेवायचे असते.

प्रत्यक्षात हे फार दमवणारे असते. भाचीची आई, आमची आक्का, एका वरणभाताच्या ताटासमोर सव्वा तास बसून राही. रागावणे नाही, सौदा नाही, ‘बाळा, पुढचा घास’ एवढेच. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. आई बसलेली असताना आजी मायेने म्हणते, ‘नको म्हणते तर राहू दे गं’, आणि त्या एका वाक्याने आजाराला वाट मिळते. सगळ्या मोठ्यांनी आधी आपसांत एकमत करणे म्हणूनच उपचाराचा भाग आहे.

दूर ठेवण्याबद्दल थोडक्यात. चक्कर, मंद नाडी, झपाट्याने घटणारे वजन अशी लक्षणे असतील तर रुग्णालय अटळ असते. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकते, त्यामुळे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. पण हा इलाज आहे, घरापासून तोडणे नव्हे. आपल्या भागाला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुलीने आपली भीती परक्या भाषेत सांगावी, अशी अपेक्षा कोणी करू नये.

राहिला वजनाचा दावा. वजन भरल्यावरही जेवणाची भीती कितीतरी महिने टिकते, आणि उपवास हे तिचे सर्वांत सभ्य निमित्त ठरते. भाचीने मार्गशीर्षातले गुरुवार धरायचे म्हटले तेव्हा नकार आजीने दिला, आणि तिला एकटे वाटू नये म्हणून आपलाही अनेक वर्षांचा उपवास सोडून ती त्या दुपारी नातीच्या शेजारी पाटावर जेवायला बसली.