एकट्या कारागिराची साधना? नाही पटलं
जपानी हस्तकलेवरच्या डॉक्युमेंटरी म्हणजे 'एकट्या कारागिराची साधना' असं एका लेखात म्हटलंय ते काही पटलं नाही. वाशी, म्हणजे जपानी हातकागदाचंच घ्या ना, कॅमेरा सगळा वेळ लगद्यात कागद गाळायची चौकट हलवणाऱ्या माणसावर असतो, पण त्याआधी कोझोची (तुतीच्या जातीचं झुडूप) उकडलेली साल गार पाण्यात धरून तिच्यातला बारीक कचरा नि काळे ठिपके एकेक करून बोटांनी वेचायचे असतात, आणि तिथे बसलेल्या वयस्कर बायका स्क्रीनवर जेमतेम काही सेकंद दिसतात. खरं तर मला तेच जास्त बघायचं असतं!

२०१४ मध्ये युनेस्कोने सेकिशू-बान्शी, होन-मिनोशी आणि होसोकावा-शी या कागदांच्या परंपरेला मान दिला तोही त्या त्या गावांच्या एकत्र कामाला धरून. कागदाला लागणारा चिकट रस देणारं तोरोरो-आओईचं रोप पिकवणारे शेतकरी, कागद गाळायला लागणारी बांबूच्या बारीक काड्यांची जाळी विणणारे, यांच्यावरही कुणीतरी अख्खा तास द्या की.