व्हीटीचा नकाशा मेलबर्नचा नव्हता

मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्याच्या जुन्या फोटोंखाली एक मजकूर पुन्हा फिरतोय. सार असं: इथे माळरान होतं, साहेबाने स्वतःच्या खिशातून रस्ता आणि इमारती उभ्या केल्या, आणि व्हीटीचा (म्हणजे आजच्या सीएसएमटी स्टेशनाचा) नकाशा खरा मेलबर्नच्या स्टेशनाचा, लंडनच्या टपालात पाकिटं बदलली. मला तो चार ग्रुपांवर आलाय, त्यातला एक सोसायटीच्या पाण्याचा आहे.

आधी पाकिटांचं बघू, कारण गोष्ट म्हणून ती झकास आहे. व्हीटीचं काम १८७८ साली सुरू झालं, १८८८ साली संपलं. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनासाठी आराखड्यांची स्पर्धा झाली १८९९ साली. जिंकले फॉसेट आणि अ‍ॅशवर्थ, दोघंही तिथल्याच रेल्वेतले नोकरदार. इमारत पुरी व्हायला १९१० उजाडलं. म्हणजे पाकीट टपालात वीस वर्षं पडून होतं! व्हीटीचे वास्तुविशारद स्टीव्हन्स १९०० साली मुंबईतच वारले. हे काम मिळाल्यावर ते दहा महिने युरोपातली स्टेशनं बघत हिंडले होते. त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य साहाय्यक अभियंता होते, आणि कोरीव कामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. एकदा दर्शनी भिंतीवरचे गोलातले चेहरे मान वर करून बघा. त्यांत नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभाई आहेत. नाना मेलबर्नला काय करणार होते?

माळरानाचं लवकर आटपतं. मुंबईच्या किल्ल्याच्या तटबंदीच्या आत दाट वस्ती होती, बाजारगेट हे नाव अजून जिवंत आहे. १८६०च्या दशकात फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडला गेला आणि मग रस्ता रुंद झाला. त्याचं जुनं नाव हॉर्नबी रोड. हा हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा, म्हणून जास्त फसवा. व्हीटी बांधली जीआयपी रेल्वेने आणि कंपनीचं भांडवल लंडनच्या बाजारातलं, कबूल. पण त्यावर ५ टक्के परताव्याची हमी होती, आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायचं. नफा झाला तर भागधारकांचा, खोट आली तर रयतेची. पैसा देशाबाहेर असा कसा वाहून जातो याचा हिशेब ज्यांनी जन्मभर मांडला, त्या दादाभाईंचं नाव या रस्त्याला आहे, आणि त्यांच्याच रस्त्याच्या फोटोखाली हा मजकूर! व्हीटीसमोरची महापालिकेची इमारत (१८९३) पालिकेच्या पैशातून उभी राहिली, तीही मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात. (हे आजच्या मुंबईकराला फॉरवर्डपेक्षा खोटं वाटेल.) जेजे स्कूल सुरू झालं जमशेटजींच्या १ लाखाच्या देणगीतून, आणि पेटिट इन्स्टिट्यूट या वाचनालयामागे पारशी घराण्याचा पैसा.

शेवटी कमानी. मजकूर म्हणतो, ती साहेबाची हौस. १८९६ साली नियमच केला गेला की या रस्त्यावर बांधणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी सोडायची. वर कुणी गॉथिक चढवा, कुणी आणखी काही, खालची वाट एकमेकींना जोडलेली हवी. म्हणून तर जुलैत छत्री विसरलेला माणूस आजही बोरीबंदरहून फ्लोरा फाउंटनपर्यंत, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांना चुकवत, बराचसा कोरडा पोचतो.